श्रीचिंतामणीच्या पायांशी : थोरले माधवराव पेशवे

अष्टविनायकांपैकी श्रीचिंतामणीचे थेऊर हे क्षेत्र पुण्याच्या पूर्वेस सुमारे २५ किलोमीटरांवर, मुळामुठेच्या वळणावर वसलेले आहे. शके १६९४, कार्तिक वद्य अष्टमी, म्हणजे १८ नोव्हेंबर १७७२, या दिवशी सकाळी तेथील देवाच्या सान्निध्यात श्रीमंत थोरले माधवराव पेशवे यांनी देह ठेवला. त्या वेळी त्यांचे वय अवघे २७ वर्षांचे होते. त्यांच्या स्वाऱ्या, त्यांचा दरारा, त्यांची न्यायबुद्धी यांविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे व आमच्या वाचकांपैकी बहुतेकांनी ते वाचलेही असेल. आज आम्ही त्यांच्या चरित्राची निराळी बाजू सांगणार आहोत. एका महायुद्धाने घर रिकामे केलेला एक मुलगा, त्याच्या अंगावर आलेला मोडका संसार, आणि तो संसार सावरत असता त्याच्या देहात शिरलेला रोग, एवढाच आमचा विषय.

भोपाळवासी मराठी कुटुंबांस या कथेचा आरंभ फार दूर शोधावा लागणार नाही. माधवरावांचे आजोबा थोरले बाजीराव यांनी डिसेंबर १७३७ मध्ये निजामुल्मुल्क यास याच भोपाळाजवळ कोंडले आणि जानेवारी १७३८ मध्ये सिहोरच्या वाटेवरील दुराहे येथे त्याजकडून तह लिहून घेतला. ती मराठ्यांच्या चढत्या कळेची गोष्ट झाली. तेवीस वर्षांनी याच मुलखात उलट प्रकार घडला. १४ जानेवारी १७६१ रोजी, मकरसंक्रांतीच्या दिवसांत, पानिपतावर मराठ्यांचा घात झाला. बाजीरावांचे पुत्र नानासाहेब पेशवे त्या वेळी आपल्या सैन्याच्या मदतीस उत्तरेकडे निघाले होते. ते भेलशापर्यंत, म्हणजे आजच्या विदिशेपर्यंत पोचले असता सावकारी डाकेतील सांकेतिक पत्रावरून त्यांस प्रथम बातमी कळली. भेलसे आपल्या भोपाळापासून ५०-६० किलोमीटरांवर आहे. सोनागिरीतून निघून दुपारच्या आत जाऊन परत येता येईल, इतकेच ते अंतर. त्या मुक्कामी एका बापास कळले की थोरला मुलगा विश्वासराव गेला, चुलतभाऊ सदाशिवरावभाऊ गेले, आणि बरोबर गेलेल्यांपैकी कोण जिवंत आहे याचा ठाव नाही.

नानासाहेब काही काळ माळव्यातच थांबले. पळून आलेल्यांस गोळा केले, आणि मग दक्षिणेस परतले. पुढे ते सावरलेच नाहीत. २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर त्यांचा अंत झाला.

माधवराव हे नानासाहेब व गोपिकाबाई यांचे दुसरे चिरंजीव. जन्म फेब्रुवारी १७४५, कर्नाटकात सावनूर येथे. पानिपतची लढाई झाली त्या दिवशी त्यांस १६ वे वर्ष पुरे व्हावयास एक महिना उरला होता. राज्य थोरल्या भावाकडे जावयाचे हे ठरलेले असल्यामुळे या दुसऱ्या मुलाकडे कोणी फारशा अपेक्षेने पाहिलेही नसेल. सहा महिन्यांत सगळेच फिरले. भाऊ गेला, काका गेले, पिता गेला, आणि जुलै १७६१ मध्ये साताऱ्यास छत्रपतींकडून पेशवाईची वस्त्रे या मुलाच्या अंगावर आली. आम्ही स्वतः अद्याप विशीतच आहोत. या वयात घरातील चार माणसांचा खर्च मांडताना आमची तारांबळ होते, हे कबूल करण्यास आम्हांस संकोच वाटत नाही. त्या मुलापुढे मांडलेला हिशेब कसा होता पाहा. तिजोरीत कर्ज, शिबंदीचे पगार थकलेले, उत्तरेतील अंमल उठलेला, पूर्वेस निजामअली दबा धरून, दक्षिणेस हैदरअली डोके वर काढीत, आणि घरात चुलते रघुनाथराव, ज्यांस हे पद स्वतःस हवे होते.

युद्ध संपले म्हणजे युद्धाचे दुःख संपत नाही. पुण्यात त्या वर्षी असे घर क्वचितच असेल जेथे कोणाची वाट पाहिली जात नव्हती. कोण मेले आणि कोण कैदेत पडले हे निश्चित न कळल्याने पुष्कळ ठिकाणी ना सुतक, ना आनंद, अशी स्थिती झाली. भाऊसाहेबांची पत्नी पार्वतीबाई पानिपताहून जिवंत परतल्या. आपला पती कोठेतरी आहे आणि येईल, ही आशा त्यांनी पुढे अनेक वर्षे सोडली नाही. लोकांच्या याच आशेवर भाऊसाहेबांचा एक तोतयाही उभा राहिला व त्याने काही वर्षे राज्यास त्रास दिला. अशा वाट पाहणाऱ्या वाड्यात माधवराव वाढले. त्यांचा स्वभाव तापट होता असे सर्व सांगतात, आणि ते खरे असावे. परंतु हे वय आणि हे घर ध्यानात घेतले म्हणजे तो तापटपणा आम्हांस निराळा दिसू लागतो.

पहिल्या दोन वर्षांतच त्यांची परीक्षा झाली. रघुनाथराव रुसून बाहेर पडले, निजामाची मदत घेऊन पुतण्यावर चालून आले, आणि नोव्हेंबर १७६२ मध्ये भीमेच्या परिसरात आळेगाव येथे माधवरावांचा पाडाव झाला. आता दोन वाटा होत्या. पळून जाऊन घरचे युद्ध लांबवावे, अथवा चुलत्याच्या हाती स्वतः जाऊन पडावे. पानिपतानंतर उरलेली माणसे एकमेकांच्या हातून मरू नयेत, म्हणून १७ वर्षांच्या या मुलाने दुसरी वाट धरली व तो आपण होऊन चुलत्याच्या छावणीत गेला. पुढे त्यास काही काळ नजरकैदेतच राहावे लागले. आमच्या मते माधवरावांच्या सर्व विजयांत ही माघार मोठी आहे, जरी शाळेच्या पुस्तकांत तिला दोनच ओळी मिळतात.

पुढच्याच वर्षी निजामाने पुणे लुटले व जाळले. त्याचे उत्तर १० ऑगस्ट १७६३ रोजी गोदावरीकाठी राक्षसभुवन येथे मिळाले. तेथे रघुनाथराव शत्रूच्या कचाट्यात सापडले असता माधवराव धावून गेले, चुलत्यास सोडविले, आणि निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर रणात पडला. त्या दिवसापासून कारभाराची दोरी पुतण्याच्या हाती आली. नंतरच्या मोहिमांचा पाढा आम्ही येथे वाचत नाही. हैदरावर एकामागून एक स्वाऱ्या झाल्या, नागपूरकर भोसल्यांशी समेट झाला, आणि जून १७६८ मध्ये धोडप येथे रघुनाथरावांचा बंडावा मोडून त्यांस शनिवारवाड्यात आणून ठेवावे लागले.

कारभारातील एकच प्रसंग सांगतो, कारण तो देवळाच्या पत्रकात सांगण्याजोगा आहे. माधवराव तरुणपणी जपजाप्य व अनुष्ठाने यांत फार वेळ घालवू लागले. एकदा न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे कामासाठी आले असता श्रीमंत ध्यानात बसलेले त्यांस दिसले. शास्त्रीबुवा परत गेले आणि दुसऱ्या दिवशी काशीस जाण्याची रजा मागू लागले. कारण विचारता त्यांनी निक्षून सांगितले, की ब्राह्मणाचा आचार पाळावयाचा असेल तर राज्य सोडून गंगातीरी चलावे, आणि राज्य करावयाचे असेल तर प्रजेचे काम हीच पूजा मानावी. माधवरावांनी त्याच दिवसापासून आपला क्रम बदलला. आम्ही पुजाऱ्याच्या घरात वाढलो, त्यामुळे ही गोष्ट लहानपणी कानी आली तेव्हा शास्त्रीबुवांचा थोडा रागच आला होता. वडिलांनी मात्र ती दरवर्षी भाद्रपदात मुलांना आवर्जून सांगितली. पुढे माधवरावांनी वेठीस धरण्याची चाल बंद केली आणि कष्टकऱ्यास त्याची मजुरी मिळावी असा दंडक घातला, तो याच वळणाचा परिणाम म्हणावा लागेल.

आता रोगाकडे वळू.

१७७० सालच्या पूर्वार्धात माधवराव तिसऱ्यांदा हैदरावर चालून गेले होते. स्वारी उत्तम चालली असता प्रकृतीने दगा दिला आणि त्यांस मोहीम त्र्यंबकराव पेठे यांच्या हाती सोपवून पुण्यास यावे लागले. पावसाळा संपताच ते पुन्हा निघाले, पण मिरजेच्या पुढे जाणे झाले नाही. त्र्यंबकमामांनी मार्च १७७१ मध्ये श्रीरंगपट्टणाजवळ मोती तलावाच्या लढाईत हैदराचा मोठा पराभव केला. ज्या विजयासाठी माधवरावांनी वर्षांमागून वर्षे घोड्यावर काढली, तो त्यांनी अंथरुणावर पडून ऐकला.

रोग क्षयाचा होता. आपल्या वैद्यकात यास राजयक्ष्मा म्हणतात. या नावामागे पुराणातील कथा आहे. दक्षप्रजापतीच्या शापाने राजा सोम, म्हणजे चंद्र, यास हा रोग प्रथम जडला, तो दिवसेंदिवस झिजू लागला, आणि प्रभासक्षेत्री शिवाची आराधना केल्यावर त्यास पुन्हा वाढीचा वर मिळाला. चरकाचार्यांनी या रोगाची चार कारणे सांगितली आहेत : शक्तीबाहेरचे साहस, देहाच्या स्वाभाविक वेगांचा रोध, धातूंची झीज, आणि खाण्यापिण्यातील विषमता. माधवरावांची दिनचर्या या चारही कारणांवर घासून पाहावी. ऐन उन्हाळ्यात कूच, मिळेल तेव्हा जेवण, रात्री पत्रव्यवहार, आणि चिंता अहोरात्र. वैद्यांस त्यांचे निदान पटले असल्यास नवल नाही.

आज आपणांस अधिक माहिती आहे. हा रोग एका सूक्ष्म जंतूपासून होतो, हे जर्मन डॉक्टर रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे जाहीर केले. म्हणजे माधवरावांच्या मृत्यूनंतर ११० वर्षे लोटली होती. रोग्याच्या खोकल्यातून जंतू हवेत येतात. ज्याची देहशक्ती उपासाने, श्रमाने वा काळजीने खचली आहे त्यास ते लवकर धरतात. या दृष्टीने चरकाचार्यांचे निरीक्षण फुकट गेलेले नाही, मात्र मूळ त्यांच्या दृष्टीस पडणे शक्य नव्हते. युद्धानंतरच्या काळात क्षय वाढतो, हेही पुढे जगभर दिसून आले. उपासमार, दाटीवाटीची वस्ती आणि घरोघर पसरलेले दुःख यांचा तो सोबतीच आहे. माधवरावांस हा जंतू छावणीत लागला की वाड्यात, हे सांगण्यास साधन नाही. त्यांचा क्षय आतड्यांचा असावा असे बहुतेक इतिहासकार मानतात.

यावर खरे औषध १९४३ साली सापडले, ते स्ट्रेप्टोमायसिन. त्यानंतरच्या वर्षांत आणखी औषधे आली. रोग्यास थंड हवेच्या आरोग्यधामातच ठेवावे लागते ही जुनी समजूत मोडण्याचे काम आपल्याच देशात झाले. मद्रास येथे १९५६ साली निघालेल्या केंद्राने सिद्ध केले की गरीब वस्तीतील रोगीसुद्धा घरी राहून, नियमाने औषध घेऊन, तितकाच बरा होतो. आज साधा क्षय बहुधा सहा महिन्यांच्या औषधाने बरा होतो आणि ते औषध सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळते. ज्या रोगापुढे पेशव्यांची तिजोरी आणि राजवैद्य हात टेकून बसले, त्याची ही आजची स्थिती. आमच्या मंडळींपैकी कोणास, विशेषतः घरातील मुलास, दोन आठवड्यांहून अधिक खोकला वा बारीक ताप राहिला, अथवा त्याचे वजन उतरू लागले, तर काढे व उतारे यांत दिवस न घालविता तपासणी करून घ्यावी. रोग लपविण्याची चाल आपल्या समाजात अजून आहे. पेशव्याचे दुखणे सगळ्या दौलतीस ठाऊक होते, मग आपण कोणापासून लपवावे?

माधवरावांस ही औषधे मिळणार नव्हती. त्यांच्यापाशी वैद्यांचे उपचार होते, हवापालट होता, आणि श्रीचिंतामणी होता. थेऊरचे देऊळ चिंचवडच्या मोरया गोसावींच्या वंशातील धरणीधर महाराज देव यांनी बांधविले. माधवरावांनी त्यापुढे लाकडी सभामंडप उभारला. मनात उद्वेग आला की ते येथे येऊन राहत. कपिलमुनींचे चिंतामणी रत्न गणासुराकडून परत आणून देणारा हा देव, तो मनाची चिंता हरतो अशी श्रद्धा. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चिंता वाहिलेल्या माणसास हेच दैवत प्रिय व्हावे, हे आम्हांस फार स्वाभाविक वाटते.

या दोन वर्षांतील माधवराव आम्हांस सर्वांत जवळचे वाटतात. शरीर दर आठवड्यास खाली जात होते, आणि त्याच वेळी त्यांनी दहा वर्षांपूर्वी लावलेले झाड फळास येत होते. १७६९ साली त्यांनी विसाजी कृष्ण बिनीवाले व रामचंद्र गणेश यांस उत्तरेस पाठविले होते, महादजी शिंदे आणि तुकोजी होळकर त्यांस मिळाले. फेब्रुवारी १७७१ मध्ये दिल्ली मराठ्यांच्या हाती आली. ६ जानेवारी १७७२ रोजी बादशहा शाहआलम मराठ्यांच्या आश्रयाने आपल्या राजधानीत परतला. त्याच वर्षाच्या आरंभी शुक्रताल येथे नजीबखानाचा मुलगा झाबेताखान याचा पराभव झाला आणि पाठोपाठ पथ्थरगड पडला. नजीब हाच पानिपतच्या अनर्थाचा एक सूत्रधार. त्याच्या मुलखात पानिपताहून नेलेली मराठी माणसे अजून अडकून पडली होती, त्यांपैकी काहींची सुटका झाली. अकरा वर्षे वाट पाहणाऱ्या घरांस ही बातमी काय वाटली असेल! थेऊरास व पुण्यास डाक येत असे, ती रोग्यास वाचून दाखविली जाई, आणि उत्तरेही त्यांच्याच सांगण्याने जात. आपण बरे होऊ ही आशा त्यांनी कोणत्या दिवशी सोडली, ते ठाऊक नाही. दौलतीविषयीची आशा मात्र अखेरपर्यंत ढळलेली दिसत नाही.

आई गोपिकाबाई नाशिकजवळ गंगापुरास राहत होत्या. मायलेकरांत कारभारावरून वितुष्ट आले होते. राजकारणाने घरात घातलेली ही फूट आम्हांस रोगाहून अधिक दुःखद वाटते. पत्नी रमाबाई अखेरपर्यंत उशाशी होत्या. पोटी संतान नव्हते.

१७७२ च्या पावसाळ्यानंतर त्यांनी आपल्या अखेरच्या इच्छा कलमवार लिहून ठेवविल्या. त्यांत राज्यावरील कर्ज फेडावे हे होते, काशी व प्रयाग ही क्षेत्रे सोडवावी हे होते, आणि चुलत्याच्या योगक्षेमाची तजवीजही होती. आजन्म छळलेल्या कर्जाची आठवण मरणाच्या दारी ठेवणारा राज्यकर्ता विरळाच. मग कैदेतील रघुनाथरावांस थेऊरास आणविले. धाकटा भाऊ नारायणराव तेव्हा १७ वर्षांचा, म्हणजे आळेगावी शरण गेलेल्या माधवरावांच्याच वयाचा. देवासमक्ष त्याचा हात चुलत्याच्या हाती दिला व त्यास सांभाळण्याची विनंती केली. सखारामबापू, नाना फडणीस ही मंडळी भोवती होती. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात त्या हाताचे काय झाले, हे महाराष्ट्रास ठाऊक आहे.

कार्तिक वद्य अष्टमीस सकाळी देवापुढेच प्राण गेला. नदीकाठी अग्निसंस्कार झाला आणि रमाबाई सती गेल्या. ती चाल १८२९ पासून कायद्याने बंद होत गेली, व ते योग्यच झाले. तिचे गोडवे गाण्याची आम्हांस इच्छा नाही. तथापि त्या तरुण स्त्रीने दोन वर्षे जी शुश्रूषा केली, तिचे स्मरण त्या चितेच्या धुरात झाकून जाऊ नये असे वाटते.

आपल्याकडील मंडळी अष्टविनायक यात्रेस जातात तेव्हा थेऊरास बहुधा अर्धा तास थांबतात, दर्शन घेतात आणि पुढच्या स्थानाची घाई करतात. या वर्षी जे जाणार असतील त्यांनी सभामंडपातून बाहेर पडल्यावर नदीकडे थोडे चालत जावे. तेथे माधवरावांचे स्मारक व रमाबाईंचे वृंदावन आहे. वाट सोपी आहे, लहान मुलांसही चालवेल.